चौऱ्याऐंशी पैशांची तूट

परग्रह सापडल्याची बातमी आली की तिच्यासोबत एक चित्र हमखास येतं. निळसर समुद्र, तांबूस जमीन, कडेला ढगांची झालर आणि मागे उगवणारा परका सूर्य. जुलै २०१५ मध्ये केप्लर-४५२बी हा ग्रह जाहीर झाला, तेव्हा ‘दुसरी पृथ्वी’ अशा मथळ्यांखाली असंच चित्र घरोघर पोचलं. चित्रकार ते अभ्यास करून काढतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तो समुद्र कुणी पाहिलेला नाही, ती जमीन पाहिलेली नाही, मुळात तो ग्रहच कुणी पाहिलेला नाही. आपल्या हाती आहे ती एका ताऱ्याच्या उजेडाची नोंद. दर अर्ध्या तासाला एक आकडा, असे चार वर्षांचे आकडे. त्या रांगेत ३८५ दिवसांच्या अंतराने चार ठिकाणी उजेड किंचित कमी भरतो. बस, एवढंच.

मला ती आकड्यांची रांग त्या चित्राहून कितीतरी मोठी वाटते. चित्रामुळे लोकांचं लक्ष जातं हे मान्य, पण माणसाने केलेली खरी करामत चित्राआड झाकली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी पतसंस्थांचे हिशेब तपासतो. तूट निघाली की ती कुठून आली याचा माग काढायचा, हे रोजचं काम. म्हणून असेल, नासाच्या केप्लर या अवकाश दुर्बिणीची ग्रह शोधायची रीत पहिल्यांदा वाचली तेव्हाच ती आपलीशी वाटली. ताऱ्यासमोरून ग्रह सरकला, म्हणजे अधिक्रमण झालं, की तेवढा वेळ ताऱ्याच्या उजेडात तूट येते. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट आहे. तबकडीचं क्षेत्रफळ धरलं तर जवळजवळ १२ हजार पट. दूरच्या एखाद्या ताऱ्यापाशी बसून कुणी आपल्या सूर्याचा उजेड मोजत असेल आणि मधून पृथ्वी गेली, तर त्याला दहा लाख भागांतले ८४ भाग कमी भरतील. रुपयांत मांडायचं तर दहा हजारांच्या गल्ल्यात चौऱ्याऐंशी पैशांची तूट. गुरूसारखा ग्रह गेला तर शंभर रुपये कमी होतील, आणि शंभर रुपये कुणालाही सापडतात. चौऱ्याऐंशी पैसे शोधायचे, तेही गल्ला स्वतःहून सतत थोडा वरखाली होत असताना, हे काम वेगळ्या जातीचं आहे.

शिवाय ही तूट टिकते जास्तीत जास्त तेरा तास, आणि येते वर्षातून एकदा. एकदा आली तर ती कशानेही आलेली असू शकते. दुसऱ्यांदा आली की दोन्हींमधलं अंतर कळतं. तिसऱ्यांदा नेमक्या तेवढ्याच अंतराने आली, तरच ग्रह म्हणायची हिंमत करता येते. म्हणजे पृथ्वीसारख्या ग्रहासाठी तीन वर्षं एकाच ताऱ्यावरून नजर हलवायची नाही. बरं, ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत कडेने आलेली असेल तरच अधिक्रमण दिसणार. सूर्य-पृथ्वीसारख्या जोडीच्या बाबतीत असा योग साधारण दोनशेत एकदा. मग दोनशेतल्या एकासाठी लाखभर तारे एकाच वेळी मोजत बसायला हवेत. केप्लरने सुमारे दीड लाख तारे मोजले.

हे सगळं करता येईल असं वाटलेला माणूस म्हणजे विल्यम बोरुकी. १९६२ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स संशोधन केंद्रात रुजू झाले. अपोलो यानं चंद्रावरून परत येताना वातावरणात जळून जाऊ नयेत म्हणून जी उष्णतारोधक ढाल लागते, तिच्यावर त्यांनी काम केलं. पुढे आकाशातल्या विजांचा अभ्यास केला. उजेड बारकाईने कसा मोजायचा, हा त्यांचा हातखंडा विषय. १९८४ मध्ये त्यांनी ऑड्री समर्स यांच्यासोबत एक शोधनिबंध लिहिला: अवकाशातून पुरेशा अचूकतेने उजेड मोजला तर पृथ्वीएवढे ग्रह सापडू शकतात. त्या वेळी सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती एकही ग्रह माहीत नव्हता. मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांना ५१ पेगासी या ताऱ्याभोवतीचा ग्रह सापडला तो अकरा वर्षांनी, १९९५ मध्ये.

बोरुकींचा प्रस्ताव १९९२ मध्ये नाकारला गेला. एवढ्या अचूकतेचा प्रकाशमापक आहे कुठे, असा सवाल होता. १९९४ मध्ये पुन्हा नकार, कारण खर्च फार होईल. १९९६ मध्ये पुन्हा, कारण हजारो तारे एकदम मोजून कुणी दाखवलेलं नाही. मग त्यांनी लिक वेधशाळेत एक छोटं उपकरण बसवून हजारो तारे एकदम मोजून दाखवले. १९९८ मध्ये चौथा नकार: ठीक आहे, पण अवकाशात यान थरथरणार, वैश्विक किरणांचे कण आदळणार, त्या गोंधळात तुमचे ८४ भाग टिकतील का?

या चौथ्या नकाराला त्यांनी आणि त्यांचे सहकारी डेव्हिड कॉक यांनी जे उत्तर दिलं, ते या सगळ्या कहाणीतलं माझं सर्वांत आवडतं प्रकरण आहे. त्यांनी प्रयोगशाळेत एक नकली आकाश बांधलं. धातूच्या पत्र्याला लेझरने बारीक बारीक भोकं पाडली आणि मागून उजेड सोडला. प्रत्येक भोक म्हणजे एक तारा. आता या ताऱ्यांसमोरून पृथ्वी न्यायची कशी? दहा लाखांत ८४ भाग उजेड अडवेल एवढा बारीक कण आणून तो नेमका सरकवणं कुणाच्या हातून व्हायचं नाही. त्यांनी काही भोकांवर आडवी अगदी बारीक तार ताणली आणि तिच्यातून वीज सोडली. वीज गेली की तार तापते, तापली की फुगते, आणि फुगली की आधीपेक्षा एवढुसा जास्त उजेड अडवते. वीज बंद केली की तार पुन्हा बारीक. तारेचं ते फुगणं म्हणजे त्यांची पृथ्वी. वर यानाची थरथर, कणांचा मारा, शेजारच्या ताऱ्यांचा मिसळलेला उजेड, सगळं मुद्दाम घातलं. त्या गोंधळातही तुटीची नोंद स्वच्छ उमटली. डिसेंबर २००१ मध्ये मोहीम मंजूर झाली.

पहिल्या शोधनिबंधापासून सतरा वर्षं. ७ मार्च २००९ रोजी दुर्बीण उडाली तेव्हा बोरुकी सत्तरीला टेकलेले होते. प्रत्येक नकारात एक प्रश्न होता आणि पुढच्या प्रस्तावात त्याचं उत्तर होतं. चिकाटी म्हणून नुसतं कौतुक करून या माणसाला सोडून देऊ नये असं मला वाटतं. नकार देणाऱ्यांचे आक्षेपही खरे होते, आणि बोरुकींनी ते खरे मानले, हे चिकाटीहून अवघड आहे.

दुर्बीण तशी फार मोठी नव्हती. उजेड आत येण्याचं तोंड ९५ सेंटिमीटर, आत १.४ मीटरचा आरसा, आणि आरशाच्या नाभीत उजेड टिपणाऱ्या ४२ सीसीडी चिपा. तिने काढलेल्या तारकाचित्रांना कुणी सुंदर म्हणणार नाही, कारण ती हेतुपुरस्सर थोडी अस्पष्ट ठेवली होती. ताऱ्याचा ठिपका एकाच पिक्सेलवर टोकदार पडला तर यान जरासं हललं तरी मोजणी बिघडते. उजेड काही पिक्सेलांवर पसरला की बेरीज भरवशाची होते. आणि सगळं चित्र पृथ्वीवर पाठवायला पुरेशी वाट नव्हती, म्हणून ठरवून दिलेल्या ताऱ्यांभोवतीचे पिक्सेल तेवढे ठेवायचे, बाकीचे टाकून द्यायचे. ज्या काळात हबलच्या रंगीत छायाचित्रांनी जगाला वेड लावलं होतं, त्या काळात या दुर्बिणीने सौंदर्य बाजूला ठेवलं आणि मोजदाद पत्करली.

ती पाहत होती ते आकाश आपल्याला महाराष्ट्रातून सहज दाखवता येतं. स्वरमंडळातला अभिजित आणि हंस तारकासमूहातला डेनेब, या दोन ठळक ताऱ्यांच्या मधला हा भाग. हात लांब करून पंजा धरला की झाकला जाईल एवढा. पावसाळ्यात रात्री तो माथ्यावर येतो, पण तेव्हा ढग. ऑक्टोबरच्या मध्यावर, आभाळ धुऊन निघाल्यावर, रात्री आठच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभं राहावं: डेनेब वर, अभिजित डावीकडे खाली उतरत चाललेला. त्या पट्ट्यातले जे दीड लाख तारे केप्लर मोजत होती, त्यांतले बहुतेक नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. तरी मला तिकडे बघायला आवडतं.

माझी भाची भौतिकशास्त्र शिकते. केप्लरच्या सगळ्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत, कुणीही उतरवून घेऊ शकतं, हे तिच्यामुळे कळलं. दिवाळीत घरी आली होती तेव्हा तिने लॅपटॉपवर आधी हॅट-पी-७ नावाच्या ताऱ्याची नोंद उघडली. ठिपक्यांची आडवी रांग, आणि दर सव्वादोन दिवसांनी तिच्यात खोल खड्डा. न सांगता दिसत होतं. हा ग्रह जमिनीवरच्या दुर्बिणींनी आधीच शोधलेला होता, आणि केप्लरची पहिली परीक्षा त्याच्यावरच झाली. ग्रह ताऱ्यापुढून गेल्याची तूट तर तिने नोंदलीच, शिवाय ग्रह ताऱ्यामागे दडला की त्याचा स्वतःचा उजेड वजा होतो, ती इवलीशी घटही पहिल्या दहा दिवसांच्या नोंदींतच दिसली.

मग तिने केप्लर-१० उघडला. “मामा, यात ग्रह दाखव.”

मी बराच वेळ बघितलं. ठिपक्यांचा जाड पट्टा, दाट, केसाळ. खड्डा कुठेच नाही.

“नाही दिसत.”

“नाहीच दिसणार. आता बघ.”

तिने ती सगळी नोंद वीस तासांच्या तुकड्यांत कापली आणि तुकडे एकावर एक ठेवले. शेकडो तुकडे. प्रत्येकातली केसाळ वरखाली वेगळी, ती एकमेकांत विरून जाते. पण सगळ्यांत एकाच जागी असलेली तूट मात्र विरत नाही, साचत जाते. पट्ट्याच्या मधोमध एक उथळ खोलगट उमटली. तळ किंचित गोलसर, कारण ताऱ्याची तबकडी मधे जास्त उजळ आणि कडेला फिकी असते. तो केप्लर-१०बी, पृथ्वीच्या सुमारे दीडपट व्यासाचा, केप्लरला सापडलेला पहिला नक्की खडकाळ ग्रह. जानेवारी २०११ मध्ये जाहीर झाला. ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की त्याचं वर्ष वीस तासांचं. तिथला पृष्ठभाग वितळलेला असणार. त्याचंही चित्र आहे, लाल लाव्ह्याचं. मी त्या खोलगटीकडे बघत राहिलो. एका परक्या जगाची सावली, आमच्या जेवणाच्या टेबलावर, कुणाच्याही कल्पनेची भर न घालता.

अर्थात प्रत्येक तूट ग्रहाची नसते. एकमेकांना झाकणारे दोन तारे मागे कुठेतरी असले आणि त्यांचा उजेड पुढच्या ताऱ्यात मिसळला, तरी अशीच तूट दिसते. आणि तुटीवरून ग्रहाचा फक्त आकार कळतो, वस्तुमान नाही. त्यासाठी ग्रहाच्या ओढीने तारा किती डुलतो ते जमिनीवरून मोजावं लागतं. आपल्याकडेही हे झालं आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या गुरुशिखरावरच्या १.२ मीटरच्या दुर्बिणीला ‘पारस’ हा वर्णपटमापक जोडला, आणि केप्लरच्या नोंदींतल्या एका तुटीचा ग्रह २०१८ मध्ये पक्का केला. के२-२३६बी. वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे २७ पट, वर्ष साडेएकोणीस दिवसांचं. अबूला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या काही कमी नाही; गुरुशिखरावरून नुसता सूर्यास्त बघून खाली उतरतात, तेव्हा कुणीतरी त्यांना हे सांगायला हवं.

आता दुःखाचा भाग. केप्लरचं गणित सूर्याला माप धरून केलेलं होतं. ताऱ्यांचा स्वतःचा उजेड थोडा कमीजास्त होतच असतो, सूर्याचाही होतो. सूर्याच्या वयाचे, वजनाचे तारे सूर्याइतकेच शांत असतील असं गृहीत होतं. ते निघाले जास्त चंचल. एकूण गोंगाट दहा लाखांत २० भागांच्या आत राहील असा अंदाज होता, तो ३० च्या आसपास भरला. ८४ भागांची तूट शोधायची तर आता साडेतीन वर्षं पुरणार नव्हती, दुप्पट वेळ हवा होता. २०१२ मध्ये मुदतवाढ मिळालीही. पण त्याच वर्षी जुलैमध्ये दुर्बिणीला स्थिर धरणाऱ्या चार चाकांपैकी एक बंद पडलं, आणि मे २०१३ मध्ये दुसरं. नेम धरायला किमान तीन लागतात. अभिजित आणि डेनेबच्या मधली ती अखंड नजर तिथे तुटली. पृथ्वीसारख्या ग्रहांची मोजणी अगदी ऐन भरात येत होती, तेव्हा.

पण अभियंत्यांनी तिला सोडलं नाही. सूर्यप्रकाशाचाही दाब असतो, अतिशय हलका, पण सतत. यान सूर्याकडे अशा कोनात वळवून धरलं की तो दाब दोन्ही बाजूंनी सारखा पडावा, तर तो तिसऱ्या चाकाचं काम करतो. ज्या सूर्यप्रकाशाने यान ढळत होतं त्याच्याच आधाराने ते तोललं. हा तोल क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेच्या, पट्ट्यात बघतानाच जमतो, आणि सलग ऐंशी दिवसांच्या आसपासच, म्हणून पट्टे बदलत बदलत आणखी चार वर्षं काम चाललं. इंधन संपलं आणि ३० ऑक्टोबर २०१८ रोजी निवृत्ती जाहीर झाली तेव्हा पक्के झालेले ग्रह २,६०० हून जास्त होते, आणि दुर्बीण आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर गेलेली होती. शेवटच्या आज्ञा पाठवल्या त्या १५ नोव्हेंबरला.

ज्या खगोलशास्त्रज्ञाचं नाव दुर्बिणीला दिलं, त्या योहान्नेस केप्लरचा तो मृत्युदिन. १६३० साली जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला आपलं थकलेलं येणं मिळतंय का बघायला तो गेला होता, तिथेच आजारी पडून वारला. त्याने गणित करून ठेवलं होतं की १६३१ मध्ये बुध सूर्यासमोरून जाईल आणि शुक्रही जाईल. ७ नोव्हेंबर १६३१ रोजी पॅरिसमध्ये पिएर गॅसेंदीने बुधाचा काळा ठिपका सूर्यावर पाहिला. तो इतका लहान होता की आधी त्याला सूर्यडागच वाटला. केप्लरने मांडलेलं अधिक्रमण पाहिलं गेलं, पण त्याला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. २००४ च्या जूनमध्ये शुक्राचं अधिक्रमण आपल्याकडे दिवसाढवळ्या दिसलं. आमच्या गावात एका शिक्षकांनी छोट्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडली होती. तिच्यावरून तो काळा टिपका सरकताना मी पाहिला आहे. त्यामुळे असेल, तूट हा शब्द माझ्यासाठी नुसता आकड्यांचा राहत नाही.

केप्लरच्या मोजणीतून काय हाती आलं? आपल्या दीर्घिकेत ताऱ्यांपेक्षा ग्रह जास्त आहेत, हे. सर्वाधिक आढळणारे ग्रह पृथ्वी आणि नेपच्यूनच्या मधल्या आकाराचे आहेत, हेही. आणि आपल्या सूर्यमालेत त्या मापाचा एकही नाही. मूळ प्रश्न मात्र अर्धवट राहिला: सूर्यासारख्या किती ताऱ्यांना पृथ्वीसारखा ग्रह आहे? अंदाज आहेत, पण त्यांच्यातली तफावत मोठी आहे, कारण सलग मोजणी चार वर्षांत थांबली. तो केप्लर-४५२बी, ज्याच्या समुद्राचं चित्र घरोघर गेलं, त्याच्या चार तुटी इतक्या पुसट आहेत की त्या ताऱ्याच्या आहेत की उपकरणाच्या, याबद्दल पुढे अभ्यासकांनीच शंका घेतल्या. ते छापणारी वर्तमानपत्रं मला फारशी दिसली नाहीत. मला हा भाग लपवण्यासारखा वाटत नाही. आपल्याच दप्तरातल्या सर्वांत गाजलेल्या नोंदीवर लाल शेरा मारणारी माणसं ज्या कामात आहेत, त्या कामावर विश्वास ठेवावा.

केप्लर थांबायच्या आधीच, एप्रिल २०१८ मध्ये, नासाची पुढची ग्रहशोधक दुर्बीण टेस उडाली. चार कॅमेरे, प्रत्येकाचं तोंड जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, पण आकाशाचा बहुतेक भाग पट्ट्यापट्ट्याने पिंजून काढते. जवळचे, ठळक तारे तिच्या वाट्याला, म्हणजे पुढे जेम्स वेबसारख्या दुर्बिणींना त्यांच्या ग्रहांची हवा तपासता येते. मात्र एका पट्ट्यावर ती २७ दिवसच थांबते, त्यामुळे वर्षभराची फेरी घेणारे ग्रह तिच्या हाती सहसा लागत नाहीत.

त्यासाठी युरोपीय अवकाश संस्थेची प्लॅटो ही दुर्बीण आहे. एकाच यानावर २६ कॅमेरे, आणि लक्ष्य नेमकं तेच जे केप्लरचं अर्धवट राहिलं: सूर्यासारखे तारे, वर्षभराची कक्षा, पृथ्वीएवढा ग्रह. तारे केप्लरच्या ताऱ्यांपेक्षा ठळक निवडले आहेत, म्हणजे जमिनीवरून वस्तुमानही मोजता येईल. निवडलेलं पहिलं क्षेत्र दक्षिण आकाशात आहे, केप्लरच्या क्षेत्राच्या अठरा पटींहून मोठं, आणि अगस्तीचा तारा त्यातच येतो. हिवाळ्यात आपल्याकडून तो दक्षिणेला क्षितिजाकडे बराच खाली, पण स्पष्ट दिसतो. तिथे किमान दोन वर्षं नजर रोखायची योजना आहे. दोन वर्षांत वर्षभराच्या ग्रहाच्या तुटी फार तर दोन-तीन मिळतील. भाचीला मी सांगून ठेवलं आहे की त्या नोंदी खुल्या झाल्या की पहिल्यांदा माझ्याकडे पाठव, चित्र नंतर बघू.